रेडिओवरच्या मॅडमना, मिरजेहून

मॅडम नमस्कार,

तुमचं नाव लिहीत नाही आणि कुठल्या केंद्रावर असता तेही लिहीत नाही, सरकारी नोकरी आहे, उगाच कोणी तुम्हाला विचारायला नको. पण वाचलंत तर कळेलच, कारण "गाणं नको, गाण्याच्या आधीचं ऐकवा" म्हणून फोन करून डोकं खाणारा माणूस तुम्हाला दुसरा कोणी भेटला नसणार.

मी मिरजेत तंबोरे करतो आणि दुरुस्तीची कामं घेतो. दुकानात दिवसभर मोबाईलवर आकाशवाणीचं रागम हे शास्त्रीय संगीताचं चॅनल चालू असतं, २०१६ च्या २६ जानेवारीला ते चॅनल सुरू झालं तेव्हापासून आमची सोय झालीय, नाहीतर शास्त्रीय ऐकायचं म्हणजे सकाळचा तेवढा वेळ आणि शनिवारी रात्रीचा राष्ट्रीय कार्यक्रम. तो कार्यक्रम १९५२ चा आणि संगीत संमेलन १९५४ चं, म्हणजे समोर लोक बसवून मैफल करायची, रेकॉर्ड करायची आणि मग सगळ्या देशाला ऐकवायची. त्यातल्या जुन्या मैफली तुम्ही लोक परत लावता ना, त्याच्याबद्दलच हे पत्र आहे.

झालं असं की एक गिऱ्हाईक त्यांच्या गुरुजींचा तंबोरा घेऊन आले. गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली, तंबोरा माळ्यावर पडून होता, तारा जिच्यावरून जातात ती घोडी झिजलेली, तारा ताणायच्या दोन खुंट्या फिरायच्याच बंद. ते म्हणाले नवीन वाजला नाही तरी चालेल पण गुरुजींच्या त्या रेडिओच्या मैफलीत वाजतोय तसाच वाजला पाहिजे. आता आली का पंचाईत! त्यांच्याकडे कोणीतरी फोनवर धरलेलं रेकॉर्डिंग होतं आणि ते सुरूच होत होतं आलापापासून, वर तबला आणि सारंगी, तंबोरा मागे कुठेतरी गुणगुणतोय एवढंच. जवारीचं काम, म्हणजे तार झणझणून बोलावी म्हणून घोडी घासून आकारात आणायचं, असल्या अंदाजावर होत नाही. घोडीवर तार जिथे टेकते तिथे कागदाच्या जाडीएवढासुद्धा फरक नसतो, कानशीचा एक हात जास्त पडला की आवाज बसलाच म्हणून समजा.

मूळ रेकॉर्डिंग ऐकायला मिळेल का म्हणून एका ठिकाणी विचारलं तर लेखी अर्ज करा, कारण नमूद करा म्हणाले. कारण काय लिहू, तंबोरा?

मग तुम्हाला फोन लागला. तुम्ही हसला नाहीत ही पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे तुम्ही जुनी नोंद काढून बघितलीत, वर्ष सांगितलंत, साथीला कोण होतं ते सांगितलंत, आणि तंबोऱ्यावर बसलेल्या दोघांची नावंसुद्धा वाचून दाखवलीत. मॅडम, तंबोऱ्यावर कोण होतं हे कॅसेटच्या कव्हरवर मी तरी क्वचितच छापलेलं बघितलंय, तुमच्या त्या पिवळ्या पडलेल्या कागदावर कोणीतरी लिहून ठेवलं होतं! आणि परत मैफल लागली तेव्हा तुम्ही सुरुवात कापली नाहीत. निवेदन झालं आणि मग गाणं सुरू व्हायच्या आधी जवळजवळ मिनिटभर नुसते तंबोरे, खुंटी करकरल्याचा आवाज, कोणीतरी खोकलं, कोणीतरी "खर्ज बघ जरा" म्हणालं, खर्ज म्हणजे खालच्या सा ची तार. ऐकणाऱ्याला ते फुकट गेलेलं मिनिट वाटत असेल, मला तेवढंच पाहिजे होतं. हेडफोन लावून ऐकत बसलो, पहिल्या, पंचमाच्या तारेची जवारी जरा बंद म्हणजे झणझण कमी, मधल्या दोन तारांची जोड मोकळी आणि खर्जाची पितळी तार अशी उघडी की शेवटी तिच्यातून गंधार, म्हणजे ग, आपोआप स्पष्ट ऐकू यावा. गिऱ्हाईक सहा-सात वाक्यांत सांगत होतं ते सगळं त्या एका मिनिटात होतं.

तरी एक घोळ राहिलाच होता. पट्टी, म्हणजे गाणाऱ्याचा सा किती उंच ते, बघितली तर पेटीवरच्या काळी एक आणि पांढरी दोनच्या मधेच कुठेतरी येत होती, आणि शिष्य म्हणाले गुरुजी काळी एकच गायचे. मी तुम्हाला परत फोन केला (घरचे म्हणाले आता ब्लॉक करतील तुम्हाला), तर तुम्ही इंजिनिअर साहेबांना मूळ स्पूल लावायला सांगितलंत. कॉपी करताना मशीन थोडं जोरात पळालं होतं, मूळ टेपवर बरोबर काळी एकच आहे. हे कळलं नसतं तर मी जवारी वरच्या पट्टीला बसवली असती आणि तारा काळी एकला उतरवल्या की तंबोरा ढिला बोलला असता. इंजिनिअर साहेबांनाही नमस्कार सांगा.

आणखी एक सांगतो. रेडिओवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती, ठरलेल्या सुरांच्या पट्ट्या, त्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, येत नाही वगैरे कारणं. बंदी बरोबर का चूक यावर पेटीवाले अजून भांडतात आणि त्यांचं बरोबरही असेल, पण आमचा फायदा असा झाला की त्या काळातल्या टेपांमध्ये तंबोरा झाकला जात नाही. आमच्या शेजारच्या कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबरांचे चिरंजीव, गायक द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये ३४ व्या वर्षी गेले, रेडिओनं टेप जपल्या नसत्या तर त्यांचं किती गाणं आपल्याला मिळालं असतं? आणि अब्दुल करीम खाँसाहेब, ज्यांच्या नावानं मिरज ओळखली जाते, ते १९३७ ला गेले, त्यांच्या तबकड्या म्हणजे तीन-तीन मिनिटांच्या, सूर लावेपर्यंत तबकडी संपायची. तंबोरा लावतानाचे खाँसाहेब कसे होते ते आम्हाला कधीच ऐकायला मिळणार नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदच आहे, फोटोबिटो झाले. पण पोरं ॲपवरच्या तंबोऱ्यावर शिकतात, त्यांना मोकळी जवारी ऐकवायची कुठे? म्हणून मी आता दुकानात येणाऱ्या पोरांना तुमच्या मैफलीची ती सुरुवात ऐकवतो, मग तंबोऱ्याच्या भोपळ्याला हात लावू देतो.

तंबोरा गेला घरी. शिष्यांनी खर्ज छेडला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग एकदम म्हणाले, बिल किती?

एक विनंती आहे. पुढच्या मैफली लावाल तेव्हा वेळ कमी पडला तर शेवटच्या टाळ्या कापा पण सुरुवात ठेवा. आणि तुमच्या मुलीचा तंबोरा जवारीला आलाय म्हणाला होतात, तो कुरिअरनं नका पाठवू, मान मोडते, उरसाच्या वेळी दर्ग्यात गाणं असतं तेव्हा घेऊनच या. पैसे घेणार नाही, फोनवर वाद घालू नका.

तुमचा,
मिरजेचा तंबोरेवाला