सत्कार आधी, मनोगते नंतर

महोदय,
दिवाळीत आणि मे महिन्यात गावोगावी माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमेळावे होतात. निमंत्रित शिक्षक बहुधा पंचाहत्तरीपुढचे असतात, हे कार्यक्रम आखताना लक्षात घ्यायला हवे. सत्कार शेवटी ठेवला की मनोगते लांबतात, जेवायला अडीच वाजतात आणि मधुमेहाची गोळी घेतलेले सर व्यासपीठावर अवघडून बसून राहतात. मधेच उठणे त्यांना प्रशस्त वाटत नाही. म्हणून सत्कार पहिल्या अर्ध्या तासात व्हावा, एक वाजता पाने वाढावीत. खुर्ची हातांची हवी. पायऱ्यांना कठडा नसेल तर त्यांना खालीच, पहिल्या रांगेत बसवावे. शाल-श्रीफळ पिशवीत घालून थेट गाडीत पोचवावे.

बिल्ल्यावर ठळक अक्षरांत नाव, मुलींचे माहेरचे आडनाव, तुकडी आणि वर्ष असावे. १९७५ साली जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली बॅच एकदमच बाहेर पडली. तिथे इयत्ताही लिहावी. ‘सर, ओळखलंत का?’ हा प्रश्न मात्र कृपया टाळा, आपणच नाव सांगा. न्यायला-आणायला कोण येणार, हे आदल्या दिवशी त्यांच्या घरी फोन करून कळवावे.

– एक वाचक, सातारा