एका नमुन्यावरून नाव सांगता येत नाही

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, याची जाणीव आहे. प्रकृती ठीक आहे. पाठ अधूनमधून धरते, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. आज लिहायला बसलो ते एका अहवालामुळे.

गेल्या आठवड्यात एका गर्भवती स्त्रीचा नमुना आमच्याकडे आला. गर्भातल्या बाळाच्या मेंदूला इजा करू शकणाऱ्या झिकाचे आयजीएम (लागणीनंतर आधी तयार होणारी प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह होते, म्हणून पीआरएनटी, म्हणजे सीरम (रक्तद्रव) जिवंत विषाणूला रोखते का ते पाहणारी चाचणी, लावली, तर तिच्या सीरमने झिकाही रोखला आणि डेंग्यूही, आणि दोन्हींचे टायटर (सीरम किती पातळ करूनही रोखते तो आकडा) जवळजवळ सारखे. अहवालात काय लिहिले असेल ते तुला पाठ आहे: ‘अलीकडे फ्लॅविव्हायरसची (झिका-डेंग्यूच्या कुळातल्या विषाणूची) लागण झालेली दिसते; नेमका विषाणू ठरवता येत नाही.’ तिचा नवरा तो कागद घेऊन परत आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, “बाळाला धोका आहे की नाही, एवढेच सांगा.” घरी हे बोललो असतो तर ‘मग दुसरी टेस्ट करा’ असे उत्तर मिळाले असते. त्या दुसऱ्या टेस्टची मजल कुठवर आहे, हे ज्याने माझ्या शेजारी बसून रात्री उशिरापर्यंत प्लाक, म्हणजे विषाणूने पेशींच्या थरात पाडलेली भोके, मोजले आहेत त्यालाच कळेल.

अहवालावर विषाणूचे नाव छापलेले असते, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की तो विषाणू रक्तात सापडला. आयजीएम एलायझामध्ये, म्हणजे प्रतिपिंडे रंगावरून मोजणाऱ्या चाचणीत, रुग्णाचा विषाणू कुठेच नसतो. खळग्याच्या तळाशी आयजीएम पकडणारी प्रतिपिंडे, त्यांवर रुग्णाचे सीरम, मग आपण घातलेले अँटिजेन (ज्याला प्रतिपिंडे चिकटतात ते विषाणूचे प्रथिन), मग एन्झाइम जोडलेले प्रतिपिंड, आणि प्रत्येक पायरीनंतर धुणे. शेवटी निळा झालेला खळगा आम्ल पडताच पिवळा होतो आणि यंत्र त्याचा आकडा देते. तो आकडा शरीराने दिलेल्या उत्तराचा असतो, आणि शरीर ते उत्तर आपल्या आधीच्या अनुभवांनुसार देते. झिका, डेंग्यू, वेस्ट नाईल, पीतज्वर, जपानी मेंदूज्वर आणि गोचिडांमुळे होणारा मेंदूज्वर या सर्वांच्या विषाणूंच्या आवरणावरच्या ई प्रथिनातला एक तुकडा इतका सारखा आहे की, एकाविरुद्ध घडलेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही चिकटतात. पीतज्वराची लस घेतलेल्या माणसाचे सीरमही या गोंधळात भर घालते, आणि लसीचा रकाना तर कोणी भरतच नाही.

न्यूयॉर्कची १९९९ सालची हकीकत सर किती वेळा सांगत, आठवते ना? मेंदूज्वराच्या रुग्णांच्या प्रतिपिंडांनी सेंट लुई मेंदूज्वराकडे बोट दाखवले आणि तसे जाहीरही झाले. त्याच दिवसांत शहरात कावळे मरून पडत होते आणि ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयातले फ्लेमिंगो मरत होते. तिथल्या पशुविकृतितज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांनी हट्ट धरला की, सेंट लुईचा विषाणू सहसा पक्ष्यांना मारत नाही, तेव्हा हे काही वेगळे आहे. तो वेस्ट नाईल निघाला. पश्चिम गोलार्धात तो तोवर कधी आढळलाच नव्हता, त्यामुळे पहिल्या चाचण्यांत त्याचे अँटिजेन घेण्याचे कोणाला कारणच नव्हते. प्रतिपिंडे खरेच सांगत होती, पण त्यांना जी नावे विचारली गेली त्यांतलेच सर्वांत जवळचे नाव त्यांनी दिले. त्या बाईंबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो.

आता तू म्हणशील, टायटरमध्ये चौपट फरक दिसला असता तर प्रश्न मिटला असता. तुझा तो चौपटीचा नियम: एका विषाणूविरुद्धचे टायटर दुसऱ्याच्या निदान चौपट असेल, तर लागण त्याचीच! वसुधाने आपल्या डब्यांवर ‘चौपट’ आणि ‘बिनचौपट’ अशा चिठ्ठ्या डकवल्या होत्या आणि आपण दोघे चुकून एकमेकांचा डबा खाऊनही भांडतच राहिलो होतो. पण माझे म्हणणे मी आजही सोडत नाही. ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच या कुळातल्या विषाणूची लागण झाली आहे, त्याच्या बाबतीत चौपट फरक भरवशाचा. ज्याला आधी डेंग्यू होऊन गेला आहे, त्याच्या स्मृतिपेशी नव्या विषाणूलाही जुन्याच ओळखीने उत्तर देतात, आणि मग सर्वांत मोठे टायटर कित्येकदा पहिल्या शत्रूचेच निघते. थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० साली फ्लूच्या संदर्भात जे मांडले तेच इथे पदोपदी भेटते. आमच्या या गर्भवती बाईंना लहानपणी डेंग्यू झाला होता की नाही, हे त्यांनाही ठाऊक नाही. डेंग्यूच्या बऱ्याच लागणी ताप न येताच होऊन जातात.

दुसरा तिढा दिवसांचा. डेंग्यूत पहिले चार-पाच दिवस विषाणू किंवा एनएस१ (रक्तात उतरणारे त्याचे प्रथिन) शोधावा. आयजीएम साधारण पाचव्या दिवसापासून भरवशाने दिसू लागते. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या रक्तात आयजीएम निगेटिव्ह आले म्हणून डेंग्यू नाही, असे सांगून रुग्णाला घरी पाठवलेले मी पाहिले आहे आणि ते पाहून मला चीड येते. उलट बाजूने, आयजीएम एकदा आले की लगेच जातही नाही. वेस्ट नाईलचे आयजीएम काहींच्या रक्तात वर्षाहून अधिक टिकते, झिकाचेही अनेक महिने रेंगाळू शकते. म्हणजे या बाईंची लागण गर्भ राहण्यापूर्वीची की नंतरची, हे एका नमुन्यावरून सांगण्याचा कोणालाही अधिकार नाही. दोन-तीन आठवड्यांनी घेतलेला दुसरा नमुना पहिल्याच्या शेजारी ठेवून टायटर चढते आहे का ते पाहावे, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. पण ताप उतरला की रुग्ण फिरकत नाही, आणि डॉक्टरही आठवण करत नाहीत.

‘सरळ पीसीआर करा’, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंशच शोधा, हा तुझा दुसरा लाडका आग्रह मला अर्धाच पटतो. गोचिडांतून पसरणाऱ्या क्रिमियन-काँगो तापात तो शंभर टक्के खरा आहे, कारण जे रुग्ण दगावतात त्यांच्यात बहुधा प्रतिपिंडे तयारच होत नाहीत आणि निगेटिव्ह एलायझा नेमका सर्वांत आजारी माणसालाच फसवतो. पण तुझ्याच वॉर्डातला गोचीडजन्य मेंदूज्वर घे. रुग्णाची मान ताठरते तोवर विषाणू सहसा रक्तातून गेलेला असतो आणि आयजीएम मात्र हजर असते. तिथे पीसीआरच्या निगेटिव्हवर विसंबशील तर निदान हातचे जाईल.

त्या नवऱ्याला मी जे खरे आहे तेवढेच सांगितले: धोका नाही असे म्हणता येत नाही, झिकाच झाला असेही म्हणता येत नाही. सोनोग्राफी ठरावीक अंतराने होत राहील आणि बाळाच्या डोक्याच्या वाढीवर लक्ष राहील, हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलून पक्के केले. आता माझी धडपड एकाच गोष्टीसाठी आहे. गर्भारपणाच्या अगदी सुरुवातीच्या तपासणीचे सीरम कुठे गोठवून ठेवलेले असेल, तर ते मिळवायचे आणि दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच प्लेटवर लावायचे. त्यात झिकाविरुद्ध काहीच नसेल, तर लागण नंतरची हे नक्की होईल. तेव्हाही टायटर आजच्याइतकेच असेल, तर बहुधा जुनी, आणि त्या दोघांची झोप परत येईल.

तुझ्याकडे डेंग्यूचे चारही प्रकार वाढवलेले आहेत, आमच्याकडे सध्या दोनच चालू स्थितीत आहेत. दोन्ही सीरम तुझ्याकडे पाठवले तर चारांविरुद्ध पीआरएनटी लावशील का? रीतसर पत्र वेगळे येईलच, पण आधी तुझा होकार हवा. आणि निकाल आल्यावर चौपटीवरून भांडायचे असेल तर खुशाल भांड, मला चालेल.

मुलीचे ठरले हे वसुधाकडून कळले, फार आनंद झाला, तारीख कळव. बदलीचे काय झाले तेही लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव