वॉशिंग्टनच्या वारसांचा गुंता सोडवून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

स.न.वि.वि.

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराण्यावरची आमची मराठी नोंद हातावेगळी झाली, ती तुमच्यामुळे. व्हर्जिनियातली वारसाहक्काची प्रकरणं तुमच्या रोजच्या कामातली. आमचे कच्चे तक्ते तुम्ही ओळ न् ओळ तपासलेत. आभार खासगीत मानता आले असते, पण तुमची रीत इतरांच्याही कामी येईल, म्हणून हे जाहीर पत्र.

वंशावळ नंतर काढा, आधी मालमत्ता वेगळी करा, हे तुम्ही पहिल्याच फोनवर बजावलंत. ते किती खरं होतं! वॉशिंग्टनला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे वारस कोण असं विचारलं, की त्याची पत्नी मार्था हिच्या नातवंडांची नावं पुढे येतात आणि माउंट व्हर्नन, म्हणजे त्याचं व्हर्जिनियातलं घर आणि शेती, हेही त्यांच्याच नावावर चढवलं जातं. प्रत्यक्षात ते गेलं पुतण्याकडे, न्यायमूर्ती बुशरॉड वॉशिंग्टनकडे, तेही 1802 मध्ये मार्था वारल्यावर.

घोळाचं मूळ 1757 मध्ये आहे. मार्थाचे पहिले पती डॅनियल पार्क कस्टिस मृत्युपत्र न करता गेले. दोन तृतीयांश हिस्सा दोन मुलांचा, एक तृतीयांश विधवेचा, आणि तो फक्त हयातीपुरता. उत्पन्न घ्यायचं, कामं करून घ्यायची, पण विकायचं नाही आणि गुलामांना मुक्तही करायचं नाही. तिच्यामागे सगळं कस्टिसच्या वारसांना. 1759 च्या लग्नानंतर या तिसऱ्या हिश्श्याचा कारभार वॉशिंग्टनकडे आला, मालकी आली नाही.

तुम्ही तीन रकाने आखायला लावलेत: जॉर्जचं स्वतःचं, कस्टिस इस्टेटीचं, मार्थाचं खासगी. तिसरा रकाना आम्हाला उगाचच वाटला होता. मग तुम्ही मार्थाच्या मृत्युपत्राची पुरवणी दाखवलीत. त्यात एलिश नावाचा एक माणूस ती नातवाला, जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिसला, देऊन टाकते. हा तिने स्वतः विकत घेतलेला, म्हणजे नवऱ्याच्या मृत्युपत्राच्या कक्षेबाहेरचा आणि कस्टिस हिश्श्याच्याही बाहेरचा. याला मुक्त करायला तिला कायद्याची कसलीच आडकाठी नव्हती. तरी केलं नाही.

वॉशिंग्टनने 1799 मध्ये केलेल्या गुलामांच्या यादीचं वाचन तर तुमच्याशिवाय जमलंच नसतं. माउंट व्हर्ननवर तेव्हा गुलामगिरीत 317 माणसं होती: 123 वॉशिंग्टनची, 153 कस्टिस हिश्श्याची, 41 भाड्याने आणलेली. यादी शेतवार आहे. वॉशिंग्टनची माणसं एकीकडे, हिश्श्याची दुसरीकडे, पुढे वय, आणि शेऱ्यात नवरा किंवा बायको कोण व कुठे. शेरा सोडून नुसती नावं उतरवली की कुटुंबं तुटतात. आयझॅक सुतार वॉशिंग्टनचा, त्याची बायको किटी कस्टिस हिश्श्याची. मूल आईच्या मालकाचं, हा तिथला कायदा. म्हणून त्यांच्या नऊही मुली आईच्याच रकान्यात. वॉशिंग्टनच्या मृत्युपत्राने बाप सुटला, मायलेकी अडकल्या. ‘वॉशिंग्टनने आपले सगळे गुलाम मुक्त केले’ हे वाक्य ‘आपले’ या शब्दावर तगून आहे. तो गाळला की खोटं.

तारखाही वेगवेगळ्या लिहायला लावल्यात, तेही बरं झालं. मृत्युपत्र 9 जुलै 1799 चं, मृत्यू 14 डिसेंबरला, फेअरफॅक्स न्यायालयात दाखल 20 जानेवारी 1800 रोजी. वॉशिंग्टनचा गुलाम खासगी सेवक विल्यम ली तत्काळ मुक्त, वर वर्षाला 30 डॉलर. वॉशिंग्टनच्या बाकीच्या गुलामांची सुटका मार्थाच्या मृत्यूनंतर व्हायची होती. तिने ती 1 जानेवारी 1801 पासूनच अमलात आणली. ती गेल्यावर हिश्श्याची माणसं चार नातवंडांत वाटली गेली.

ही चौघं मार्थाचा पहिल्या लग्नाचा मुलगा जॅकी कस्टिस याची मुलं. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या यॉर्कटाउनच्या वेढ्यात ताप घेऊन तो 1781 मध्ये वारला, आणि धाकटी दोन, नेली व वॉश (वर आलेला जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस), माउंट व्हर्ननवर वाढली. त्यांना ‘दत्तक’ म्हणू नका, हा तुमचा आग्रह आम्ही पाळला आहे. आपल्याकडे दत्तक म्हटलं की वारसा ठरलाच. इथे तसा कोणताही विधी किंवा दस्त झालेला नव्हता.

एकसारख्या नावांसाठी तुमचा तोडगा साधा: प्रत्येक नावापुढे वडिलांचं नाव, आईचं माहेर आणि मृत्यूचं वर्ष. एकट्या जॉन ऑगस्टीन या नावाचे तिघे आहेत. पहिला जॉर्जचा सख्खा भाऊ, बुशरॉडचा बाप. दुसरा बुशरॉडचा पुतण्या, ज्याला माउंट व्हर्ननचं घर मिळालं. तिसरा त्याचा मुलगा, ज्याने 1858 मध्ये घर आणि 200 एकर जमीन 2,00,000 डॉलरला माउंट व्हर्नन लेडीज असोसिएशनला विकायचा करार केला. नेलीने लग्न केलं लॉरेन्स लुईसशी, म्हणजे जॉर्जची बहीण बेट्टी हिच्या मुलाशी. तेव्हा तिची मुलं एकाच वेळी मार्थाची पणतवंडं आणि जॉर्जच्या रक्ताची. तक्त्यात त्यांना दोन रेषा हव्यात.

व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन या जमिनीबद्दलची चूक मात्र तुम्ही पकडली नसतीत तर तशीच छापली गेली असती. ती जमीन वॉशिंग्टनकडून आलेली नाही. 1778 मध्ये जॅकीने घेतली, तिथून वॉशकडे, 1857 मध्ये त्याची मुलगी मेरी, यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याची पत्नी, हिच्याकडे हयातीपुरती, आणि पुढे तिच्या थोरल्या मुलाला. 1864 मध्ये सरकारने करथकबाकीच्या लिलावात ती घेतली. 1882 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थोरल्याच्या बाजूने निकाल दिला. 1883 मध्ये त्याने 1,50,000 डॉलर घेऊन ती सरकारला दिली. वॉशिंग्टनने वॉशला दिलेली 1,200 एकर जमीन फोर माइल रन या ओढ्यावरची, ती वेगळी.

सुधारलेला तक्ता सोबत पाठवत आहोत. उरलेल्या मालमत्तेचे मृत्युपत्रात जे 23 भाग केले आहेत, त्यांच्या ओळींवर एकदा नजर टाकाल तर उपकार होतील. घाई नाही, सवडीने बघा.

आपली कृतज्ञ,
नोंद लिहिणारी मंडळी