आधी हात तयार करा, मग दुर्गम भागात पाठवा

महोदय,

बंधपत्रित डॉक्टर, म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करण्याचे लिहून दिलेले नवे डॉक्टर, आदिवासी भागात टिकत नाहीत, अशी ओरड झाली की बंधपत्र आणखी कडक करा, ही मागणी ठरलेलीच. आमच्या मते उणीव प्रशिक्षणात आहे. मोठ्या रुग्णालयातल्या इंटर्नशिपमध्ये रक्त काढणे, नमुने पोहोचवणे, कागद भरणे यातच दिवस सरतात आणि निर्णय निवासी डॉक्टर घेतात. तोच इंटर्न थोड्याच दिवसांत मेळघाटातल्या किंवा भामरागडमधल्या आरोग्य केंद्रात रात्री एकटा असतो.

सर्पदंशाचेच घ्या. घोणस चावल्याचा संशय असेल तर 2 मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, 20 मिनिटे नळीला हात लावायचा नाही आणि मग एकदाच तिरकी करून पाहायची. रक्त पातळच राहिले तर विषबाधा आहे. पण नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर धडधाकट माणसाचे रक्तही गोठलेले दिसत नाही आणि प्रतिसर्पविषाच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) 10 कुप्या वाया जातात. मण्यारीचे याच्या उलट. रक्त नीट गोठते, दंशाची खूणही अनेकदा सापडत नाही आणि पापण्या मिटू लागतात. फक्त नळीवर विसंबणारा डॉक्टर इथे फसतो. शिवाय प्रतिसर्पविष देताना रिअॅक्शन येईल या धास्तीने पहिला डोस न देताच रुग्णाला रुग्णवाहिकेत घातले जाते. रिअॅक्शन आवरणारे अॅड्रिनॅलिन 0.5 मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवायचे आणि मगच सलाइन सुरू करायचे, हे कुणी शेजारी उभे राहून दोनदा करून घेतले की ही धास्ती जाते.

गरोदरपणातल्या झटक्यांचेही तसेच. पुढे पाठवण्याआधी झटके थांबवणारे मॅग्नेशियम सल्फेट प्रत्येक नितंबात 5 ग्रॅम खोलवर द्यायचे असते. 2 मिलीच्या एका अँप्यूलमध्ये 1 ग्रॅम, म्हणजे दहा अँप्यूल फोडायच्या. नवख्या डॉक्टरला हा आकडाच चुकलेला वाटतो, तो दोन-तीन अँप्यूलवर थांबतो आणि बाईला वाटेत पुन्हा झटका येतो.

म्हणून नेमणुकीआधी सहा आठवडे जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात रात्रपाळीसह प्रशिक्षण सक्तीचे करावे आणि ते बंधपत्राच्या वर्षातच धरावे. किमान 20 बाळंतपणे स्वतःच्या हाताने, न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात बॅग-मास्कने श्वास देणे आणि वरचे दोन्ही प्रसंग वरिष्ठांसमोर करून दाखवणे, एवढे जमल्याशिवाय आदेश काढू नये. कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या आरोग्यसेविकेकडून रोज तासभर भाषाही शिकावी. दुखणे कुठले आणि कधीपासूनचे, हे दुभाष्याशिवाय कळलेच पाहिजे.

एकट्या डॉक्टरची नेमणूकही थांबवावी. एका केंद्रात दोघे असले की झोप मिळते, रजा मिळते, अडल्यावर विचारायला माणूस असतो. सिझेरियनचे गणित तर जोडीवरच चालते. एमबीबीएस डॉक्टरांना भूल देण्याचे आणि तातडीच्या प्रसूतीसेवेचे प्रशिक्षण देण्याची सरकारी योजना आहेच. पण भुलीचे शिकलेला एका तालुक्यात आणि शस्त्रक्रियेचे शिकलेला दुसऱ्या तालुक्यात नेमला, तर दोघेही पेशंट पुढेच पाठवतात. अशा जोड्या एकाच रुग्णालयात द्याव्यात, आणि रक्तसाठ्याचा फ्रिज व जनरेटर आधी तपासून घ्यावेत.

बंधपत्राच्या वर्षाच्या शेवटी हे तरुण डॉक्टर पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाला लागतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सरकारी सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मान्य केला आहे. या जागा देताना दुर्गम भागातल्या वर्षांना जास्त वजन द्यावे आणि शिकून आल्यावर त्याच जिल्ह्यात परतण्याची अट घालावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांची जिल्हा रुग्णालयातली तीन महिन्यांची सक्तीची निवासी सेवाही शक्य तिथे आदिवासी जिल्ह्यांकडे वळवावी. स्त्रीरोग, बालरोग आणि भूलशास्त्राचे विद्यार्थी एकाच वेळी पाठवले, तर बंधपत्रितांना शिकवणारे वरिष्ठ तिथेच मिळतील.

– ग्रामीण आरोग्यसेवेत डॉक्टरांना प्रशिक्षण देणारे काही शिक्षक