स्वागत शिकवण्याआधी कामगाराला एक रात्र पाहुणा करा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पर्यटनाचा हंगाम तोंडावर आला की स्थानिक कामगारांना आदरातिथ्याचं प्रशिक्षण दिल्याच्या बातम्या वाचायला मिळतात. दोन दिवसांचं शिबिर, शेवटी प्रमाणपत्रं आणि ती हातात धरून ओळीनं उभ्या असलेल्या मुलामुलींचं छायाचित्र. मी हॉटेलांत ३१ वर्षं काढली. पहिली ९ वर्षं खोल्या साफ करत होते, पुढची २२ वर्षं इतरांना शिकवत होते. त्या छायाचित्रांतल्या चेहऱ्यांवरचं अवघडलेपण मला लगेच ओळखू येतं, कारण एके काळी ते माझ्याही चेहऱ्यावर होतं. ते कशानं येतं आणि कशानं जातं, एवढंच सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

माझं स्वतःचं प्रशिक्षण अर्ध्या दिवसात उरकलं होतं. सहा इंग्रजी वाक्यं पाठ करून घेतली, मान किती झुकवायची ते दाखवलं आणि ‘चेहरा हसरा ठेव’ म्हणून बजावलं. कामाला लागून आठवडा झाला असेल. रात्री साडेदहाच्या सुमारास एक गृहस्थ कॉरिडॉरमध्ये धावतच माझ्याकडे आले आणि काहीतरी विचारू लागले. मला त्यातला ‘मेडिसिन’ एवढा एकच शब्द कळला. मी हसले, मान झुकवली आणि पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं: आपला मुक्काम सुखाचा होवो. त्यांच्या लहान मुलीला ताप चढला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. रात्रभर उघडं राहणारं औषधांचं दुकान तिथून चार मिनिटांवर होतं. मी रोज त्याच्यावरूनच कामाला यायचे. त्या बापाला हवी असलेली माहिती माझ्याकडे होती. पण ती कामाची आहे, असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. तो चेहरा मी आजही विसरलेले नाही.

म्हणून शिकवायची पाळी माझ्यावर आली तेव्हा सुरुवात वाक्यांपासून करायची नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. हसण्यापासून तर नाहीच. द्युशेन नावाच्या फ्रेंच वैद्यानं चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन प्रयोग केले आणि १८६२ मध्ये ते प्रसिद्ध केले. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपल्या हुकमात असतो, डोळ्यांभोवतीचा मात्र मनापासूनच्या आनंदानंच आकसतो, असं त्यानं नोंदवलं. काहींना तोही ठरवून आकसता येतो, हे पुढे दिसून आलं. पण दिवसभर, शेकडो माणसांसमोर, ते करत राहायचं? आणि तेही महिन्याच्या पगाराची शाश्वती नसताना?

मी मॅनेजरसाहेबांकडे पहिली मागणी केली ती एका रिकाम्या खोलीची, एका रात्रीपुरती. ‘स्टाफ गेस्टच्या पलंगावर झोपणार?’ त्यांना हे पटेना. हंगामाआधीचे दिवस होते, निम्म्या खोल्या कुलपात होत्या. चादरी-अभ्रे आमचे आम्ही धुऊ, असं कबूल केल्यावर त्यांनी एकदाची परवानगी दिली.

पहिल्यांदा पाठवली ती हाउसकीपिंगमधली एक चाळिशीची बाई. सगळे तिला मावशी म्हणायचे. अकरा वर्षं ती त्याच मजल्यावरच्या खोल्या झाडत-पुसत होती, दिवसाला चौदा खोल्या. कामगारांचं दार मागच्या बाजूला. त्यामुळे समोरच्या दारानं ती अकरा वर्षांत एकदाही आत आली नव्हती. त्या संध्याकाळी हातात पिशवी घेऊन ती समोरून आली. रिसेप्शनवरचा मुलगा आधी गोंधळला, ‘मावशी, तुम्ही इकडून?’ म्हणाला. मग उठून उभा राहिला, तिची पिशवी घेतली, रजिस्टरमध्ये तिचं पूर्ण नाव विचारून लिहून घेतलं. त्याला त्या दिवसापर्यंत तिचं नाव माहीत नव्हतं.

सकाळी ती माझ्यासमोर बसली आणि तासभर बोलत राहिली. मी लिहून घेत होते. पलंगावर आडवं झालं की छताच्या पंख्याची पाती खालून दिसतात आणि त्यांच्या कडेला जळमटं लोंबत असतात. अकरा वर्षं उभ्यानं साफसफाई करताना ती तिला दिसली नव्हती. दिवा मालवायला उठून दाराजवळ जावं लागतं आणि अंधारात चाचपडत परत यावं लागतं, त्यात तिच्या नडगीला टेबल लागलं. गरम पाण्याचा नळ नेहमीच्या उलट्या बाजूला आहे, हात भाजल्यावर ते कळतं. टॉवेलची दांडी शॉवरपासून इतकी लांब की ओल्या पायांनी सगळी फरशी ओलांडायची. पडद्याच्या दोन पाखांत चार बोटं फट राहते आणि पहाटेचा उजेड नेमका उशीवर पडतो. आणि सहाला बाहेर कसलीतरी करकर सुरू झाली, तिनं तिची झोप मोडली. दार उघडून पाहिलं तर ट्रॉलीचं चाक. ‘ती ट्रॉली माझीच की हो. रोज मीच ढकलते,’ असं म्हणताना तिचा गळा दाटून आला.

दुपारपर्यंत तिनं चाकाला तेल दिलं होतं. शॉवरजवळ एक स्टूल ठेवून टॉवेल त्यावर ठेवायला सुरुवात केली. पडद्याला दोन चिमटे लावले. नवा पाहुणा आला की कुणी न सांगता ती खोलीत जाऊन गरम पाणी कुठल्या नळाला येतं ते दाखवू लागली. भाषा येत नव्हती, हातानंच दाखवायची. ते दाखवताना ती हसायची आणि समोरचाही हसायचा. चेहरा हसरा ठेव, असं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

‘नवख्या जागी पहिल्या रात्री डोळा लागत नाही,’ असंही ती त्या सकाळी म्हणाली होती. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजून पाहिलं. अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा जागा राहतो आणि बारीकशा आवाजालाही सावध होतो, असं त्यांना दिसलं. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मावशीला हे कळायला एक रात्र पुरली. दुरून थकून आलेला पाहुणा सकाळी किरकिर का करतो, हे एकदा अंगावरून गेलं की त्याच्यावर चिडायला होत नाही.

पुढे मी हे प्रत्येक तुकडीला करायला लावलं. वेटरला टेबलाशी बसवून वाट पाहायला लावली. गाइडचं काम करणाऱ्या मुलाला त्याच्याच गटात मागून चालवलं. शेवटच्या माणसाला काही म्हणजे काही ऐकू येत नाही, हे त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळलं आणि बोलण्याआधी थांबून मागच्यांची वाट पाहायची सवय त्याला कायमची लागली.

दुसरी गोष्ट ज्ञानाची. स्थानिक माणूस कामावर घ्यायचा तो त्याला जागा ठाऊक असते म्हणून; मग त्याच ठाऊक असण्याला धार लावायला हवी. मी मुलांना वर्गाबाहेर काढून चालायला न्यायचे. रात्री उघडं असणारं औषधांचं दुकान कुठलं? शेवटची बस किती वाजता? गुडघे दुखणाऱ्या आजींना किती पायऱ्या चढाव्या लागतील, नक्की आकडा सांग. चाकाची खुर्ची कुठून जाईल? जवळचं स्वच्छ शौचालय कुठे? पाचातल्या तीन प्रश्नांना आपल्याच जागेबद्दल उत्तर येत नाही, हे पाहून मुलं वरमायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पायऱ्या मोजून यायची. लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवायची तर १८६५ पासून एक परीक्षा द्यावी लागते. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते आणि ठरलेले ३२० मार्ग तोंडपाठ लागतात. तयारीला तीन-चार वर्षं सहज जातात. त्या चालकांच्या मेंदूतला जागा लक्षात ठेवणारा भाग, म्हणजे हिप्पोकॅम्पसची मागची बाजू, इतरांपेक्षा मोठी असल्याचं एलिनॉर मग्वायर आणि सहकाऱ्यांना २००० मध्ये आढळलं. मला त्या परीक्षेचं अप्रूप वाटतं ते वेगळ्या कारणानं: टॅक्सी चालवणं हे अभ्यासाचं काम आहे, असं तिथे मानलं गेलं. खोली लावणाऱ्या, सामान उचलणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या माणसाच्या कामाला तो मान अजून मिळायचा आहे.

आता अधिकाराविषयी. सगळं शिकवून झालं तरी पाहुण्यानं तक्रार केली की मुलगा म्हणतो, ‘साहेबांना विचारून सांगतो.’ साहेब जागेवर नसतात. पाहुणा ताटकळतो, मुलगा नजर चुकवतो. यान कार्लझोन १९८१ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या एसएएस या विमान कंपनीचे प्रमुख झाले. त्यांचा हिशेब साधा होता: वर्षाला १ कोटी प्रवासी, प्रत्येकाची गाठ साधारण ५ कर्मचाऱ्यांशी, दर वेळी सरासरी १५ सेकंद. कंपनी बरी की वाईट, ते त्या १५ सेकंदांत ठरतं. तिथे वरच्याला विचारायला वेळच नसतो. रिट्झ-कार्ल्टन हॉटेलांत तर पाहुण्याची अडचण सोडवायला कुठल्याही कर्मचाऱ्याला २,००० डॉलरपर्यंतचा खर्च वरिष्ठांना न विचारता करता येतो, ही गोष्ट या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. एवढी मुभा सगळ्यांना परवडणार नाही. मी चारच गोष्टी लेखी मंजूर करून घेतल्या होत्या: खोली बदलून देणं, जास्तीचं अंथरूण-पांघरूण देणं, डॉक्टरांना बोलावणं आणि बिलातली वादाची एक बाब वगळणं. कुणीही, कुठल्याही शिफ्टमध्ये, न विचारता. साहेबांना भीती होती की पोरं खिरापत वाटतील. वर्षभरात एकानंही गैरफायदा घेतला नाही. उलट ती साहेबांपेक्षा जपून खर्च करायची.

एक गोष्ट मला कबूल करायची आहे, आणि ती लिहायला जड जाते आहे. शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षांत एक मुलगी रडत माझ्याकडे आली. पाहुण्यानं तिचा हात धरून ठेवला होता. मी तिला म्हटलं, ‘हसून सोडवून घे, गेस्ट आहे.’ ती दोन आठवड्यांत काम सोडून गेली. ते माझं चुकलं होतं, आणि ती चूक एकटीची नव्हती, मला मिळालेल्या शिकवणुकीतूनच ती आली होती. त्यानंतर प्रत्येक तुकडीला मी नम्रपणे ‘या’ म्हणायला शिकवण्याआधी ठामपणे ‘थांबा’ म्हणायला शिकवलं. मोठ्यानं, हात पुढे करून, हसू न आणता. तसं म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पाठीशी व्यवस्थापन उभं राहील, हे व्यवस्थापनाच्या तोंडून वर्गातच वदवून घेतलं. जिथे ते वदवता आलं नाही, तिथे मी पुढे शिकवायला गेले नाही.

पगाराविषयी आणि विश्रांतीविषयी मी मुद्दाम थोडक्यात लिहिते, कारण त्यात वादाला जागा आहे असं मला वाटत नाही. हॉटेल आणि उपाहारगृहांतल्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९१ मध्येच १७२ क्रमांकाचा करार केला. टिप मिळो वा न मिळो, ठरल्या वेळी मूळ वेतन मिळालं पाहिजे. रोजची आणि आठवड्याची पुरेशी विश्रांती मिळाली पाहिजे. कामाच्या वेळा शक्य तितक्या आधी कळल्या पाहिजेत म्हणजे माणसाला घरचं बघता येईल, असं त्यात आहे. रात्री अकराला सुटून सकाळी सहाला परत उभ्या राहणाऱ्या मुलाला अगत्य शिकवायला मला पाठवू नका, त्याला आधी झोपू द्या, असं मी एका ठिकाणी स्पष्ट सांगितलं होतं. पुन्हा बोलावणं आलं नाही. जागतिक पर्यटन संघटनेनं १९९९ मध्ये चिलीतल्या सँटियागो इथे जी नीतिसंहिता स्वीकारली, तिच्या नवव्या कलमात पर्यटनातल्या कामगारांना सुरुवातीचं आणि पुढेही चालू राहणारं प्रशिक्षण मिळणं हा हक्क आणि कर्तव्य, दोन्ही म्हटलं आहे. ‘पुढेही चालू राहणारं’ हे शब्द शिबिरं भरवणाऱ्यांनी लक्षपूर्वक वाचावेत. दोन दिवसांत माणसाची ओळखसुद्धा होत नाही.

जे कुणी येत्या हंगामासाठी असं शिबिर आखत असतील, त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. पहिली रात्र मोकळी ठेवा. शिकायला आलेल्यांना समोरच्या दारानं आत घ्या, त्यांची नावं विचारून लिहा, त्यांचं सामान तुम्ही उचला आणि एकेकाला खोलीची किल्ली द्या. हंगामाआधी खोल्या रिकाम्याच असतात. खर्च येतो तो चादरी धुण्याचा. सकाळी समोर बसून त्यांचं म्हणणं लिहून घ्या आणि त्यातल्या निदान चार गोष्टी त्याच आठवड्यात दुरुस्त करा, म्हणजे आपलं ऐकलं गेलं हे त्यांना दिसेल. वाक्यं मग शिकवा, ती लवकर येतात.

मावशीनं सांगितलेली ती यादी मी अजून जपून ठेवली आहे. तक्रारी संपल्यावर मी तिला विचारलं होतं, आवडलं काय? ती बराच वेळ गप्प राहिली. मी लिहून घेतलेली शेवटची ओळ अशी आहे: रात्री कुणी हाक मारून उठवलं नाही.

आपली,
एक निवृत्त हाउसकीपिंग प्रशिक्षिका