चिपच्या चर्चेत लेसर छपाईलाही जागा हवी

संपादक महोदय,

आपल्याकडे सेमीकंडक्टरविषयी जे लिहिले जाते, ते बहुतांशी गुजरातमधील धोलेऱ्याच्या ९१,००० कोटी रुपयांच्या कारखान्यासारख्या अवाढव्य प्रकल्पांभोवतीच फिरत राहते. असे प्रकल्प हवेतच. मात्र सूक्ष्म उपकरणांच्या निर्मितीतील लेसर छपाई ही तुलनेने कमी खर्चाची वाट त्यामुळे दुर्लक्षित राहते, म्हणून हे पत्र.

या छपाईत पारदर्शक काचेच्या खालच्या बाजूस हव्या त्या पदार्थाचा अतिशय पातळ थर देतात आणि त्याच्या अगदी जवळ, पण न टेकवता, ज्यावर छापायचे ते उपकरण ठेवतात. वरून सोडलेला काही नॅनोसेकंदांचा लेसर स्पंद काचेतून आरपार जाऊन थराच्या वरच्या भागात शोषला जातो, तेथील किंचित पदार्थाची वाफ होते आणि तिच्या दाबाने थराचा नेमका तेवढाच ठिपका सुटून खाली उपकरणावर बसतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीतील बोहँडी, किम आणि एड्रियन यांनी १९८६ मध्ये याच रीतीने सिलिकॉनवर तांब्याच्या रेघा उमटवल्याचे प्रसिद्ध केले होते. येथे इंकजेट छपाईयंत्रासारखे शाई सोडणारे बारीक तोंड, म्हणजे नोझलच, नसल्याने ते तुंबण्याचा प्रश्न उद्भवत नाही. इंकजेटला न पेलणारी घट्ट चांदीची पेस्टही त्यामुळे छापता येते. पॉलिमर किंवा एन्झाइमसारखे नाजूक पदार्थ थेट लेसरने करपतात; त्यासाठी काच आणि पदार्थ यांच्यामध्ये चटकन विघटित होणारा आणखी एक थर देतात, जो लेसरचा मारा स्वतःवर घेतो.

ही पद्धत २८ नॅनोमीटरच्या चिपला पर्याय आहे, असा दावा कोणी करू नये. तिचे ठिपके मायक्रोमीटरच्या, म्हणजे नॅनोमीटरच्या हजारपट, मापाचे असतात. पण वायू ओळखणाऱ्या सेन्सरवर संवेदनशील लेप देणे, लवचीक प्लास्टिकवर जोडतारा काढणे किंवा तुटलेली वाहक रेघ सांधणे या कामांना एवढी सूक्ष्मता पुरते, आणि चिप बनवताना लागणारा प्रकाशसंवेदी लेप (फोटोरेझिस्ट), नक्षीचा साचा (मास्क), रासायनिक धुलाई हा सारा खटाटोपही वाचतो.

पुण्याला लेसर आणि पातळ थर नवे नाहीत. संपूर्ण पृष्ठभागावर थर चढवणाऱ्या स्पंदित लेसर निक्षेपणाच्या क्षेत्रात पुणे विद्यापीठ, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) येथे काम केलेले प्रा. सतीशचंद्र ओगले यांचे नाव जाणकारांना परिचित आहे. ते तंत्र वेगळे असले, तरी लेसर आणि पदार्थ यांच्यात काय घडते, याची जाण दोन्हीकडे सारखीच लागते. ज्या विद्यापीठांत स्पंदित लेसर आहेत, तेथे अचूक सरकणारा मंच जोडून भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योजकांना सेन्सरचे नमुने बनवून घेण्याची सोय द्यावी, आणि त्यासाठी शासनाने तंत्रज्ञांच्या पगारासह किमान पाच वर्षांचे अनुदान द्यावे. नुसत्या यंत्रखरेदीला पैसे दिले, तर यंत्र झाकून ठेवले जाते, हा अनुभव जुना आहे. शिवाय असा थर पृष्ठभागाला किती घट्ट चिकटतो आणि आपल्या पावसाळ्यातील दमट हवेत सेन्सरचे मापन किती ढळते, हे दीर्घकाळ तपासावे लागेल. एका वर्षाच्या प्रकल्पात ते होण्यासारखे नाही.

— एक निवृत्त प्राध्यापक, पुणे