संद्या, टोकन द्यायच्या आधी हे वाच

सांगली, गुरुवार रात्र

प्रिय संद्या,

तुझा मेसेज दुपारीच बघितला, पण दुकानात गर्दी होती आणि दोन ओळीत उत्तर द्यायचा हा विषय नाही, म्हणून आत्ता जेवण झाल्यावर निवांत बसून लिहितोय. काकूंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं, परत येताना त्यांच्या अंगात त्राण नसतं आणि तुम्ही दवाखान्याच्या दारात रिक्षाची वाट बघत उभे, हे वाचून वाईट वाटलं रे. गाडी घ्यायलाच पाहिजे. आणि नव्या गाडीचा हप्ता आत्ता अंगावर नको म्हणून सेकंडहँड बघतोयस तेही बरोबरच आहे, त्यात कमीपणा काही नाही.

पण तू पाठवलेल्या फोटोत माझी नजर नंबरप्लेटवर अडकली. २०१८ ची स्विफ्ट, ४२ हजार किलोमीटर, फर्स्ट ओनर, पांढरी शुभ्र, आणि पासिंग एमएच ०८. म्हणजे रत्नागिरी जिल्हा. त्यातल्याच चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत, घरात, पार्किंगमध्ये शिरलं होतं ते तुला आठवत असेल. आता ०८ ची प्रत्येक गाडी पाण्यात गेलेली असते असं अजिबात नाही, लांजा, दापोली, गुहागर सगळ्यांना तोच नंबर, पण गाडी पुण्यातल्या डीलरकडे, बाजारभावापेक्षा चाळीस हजारांनी स्वस्त, आणि तो म्हणतो रविवारपर्यंत टोकन द्या नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे. म्हणून काळजी वाटली.

आमच्या त्या चंदेरी गाडीचं तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. गाडी विकून टाकली एवढंच म्हणालो होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथं आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे म्हणजे बघ, आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर मी ती गाडी घेतली. एका डीलरकडून. चकाचक पॉलिश केलेली, सीटकव्हर नवीन, आत गेल्यावर अत्तराचा घमघमाट. मी इंजिन ऐकलं, एक चक्कर मारली, आरसी बघितली आणि पैसे दिले. हिवाळा-उन्हाळा सुरळीत गेला. पावसाळा आला आणि रात्री दारात उभी असलेली गाडी आपोआप लॉक-अनलॉक व्हायला लागली, टक टक टक, शेजारी उठायचे. मग वायपर मनाने सुरू. इलेक्ट्रिशियन यायचा, काहीतरी बदलायचा, आठ दिवस बरं, परत तेच.

ऑक्टोबर २०२० मध्ये परतीच्या पावसात अण्णांना कराडला डोळे दाखवून आणत होतो. कासेगावच्या अलीकडे हायवेवर रात्री साडेनऊला हेडलाईट, डॅशबोर्ड, सगळं एकदम बंद. मागून ट्रक येतोय, पाऊस चालू आहे, समोर काळोख, अण्णांच्या डोळ्याला पट्टी, ते विचारतायत काय झालं, दिवे का गेले. कशीबशी कडेला घेतली, मोबाईलची बॅटरी लावून पाठीमागे उभा राहिलो, दीड तास. तेव्हापासून मला पाण्यातल्या गाडीची भीती बसली ती कायमची.

दुसऱ्या दिवशी इस्लामपूरच्या वायरमनने सीट काढून कार्पेट उचललं. खाली गाळ. वाळलेला, बारीक, मैद्यासारखा मऊ गाळ, आणि त्याखालचं नमदं अजून ओलसर. दाराच्या उंबऱ्याला लागून वायरिंगचा जुडगा जातो ना, त्याच्या कपलरच्या, म्हणजे वायरी जोडायच्या खटक्याच्या, पिना हिरव्या पडलेल्या, तांब्याच्या भांड्याला चढतो तसा रंग. मग त्याने काही न बोलता ड्रायव्हरच्या मागचा सीटबेल्ट हाताने ओढायला सुरुवात केली, ओढत गेला, ओढत गेला, आणि दोन हात बाहेर आल्यावर पट्ट्यावर तपकिरी रेघ दिसली. रेघेच्या एका बाजूला पट्टा स्वच्छ काळा, दुसरीकडे मातकट. तो म्हणाला, बघा दादा, इथवर पाणी होतं. एवढंच. मला ती रेघ अजून दिसते डोळ्यांपुढे.

म्हणून तुला पहिलं सांगणं हे की लोक आधी इंजिन बघतात, तू आधी पाणी बघ. क्लच गेला तर नवीन बसतो, टायर बदलता येतात, सस्पेन्शनचे बुश, लिंक रॉड हे सगळं गॅरेजमध्ये होतं, इंजिनसुद्धा उघडून बांधता येतं. वायरिंगमध्ये पाणी मुरलं की कुठला कपलर कधी कुजेल सांगता येत नाही आणि कोणी पूर्ण जुडगा बदलत नाही कारण तो खर्च परवडत नाही. त्यात एअरबॅगचा कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत खालीच असतो, गिअरच्या आसपास जमिनीला, म्हणजे पाणी सीटपर्यंतही यायची गरज नाही. पुरातल्या बऱ्याच गाड्या इन्शुरन्सवाले टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडच्या, ठरवतात, मालकाला पैसे मिळतात, गाडी लिलावात जाते, कोणीतरी ती स्वस्तात उचलतो, धुतो, वाळवतो, आणि ती लांबच्या शहरात विकायला उभी राहते.

तर सगळे सीटबेल्ट मुळापर्यंत ओढ, मागचेही. पुढचे दोन बदलतात पण मागच्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि बेल्टच्या खाली टोकाला लेबलवर कधी बनवला ते असतं, २०१८ च्या गाडीला २०२१ नंतरचा बेल्ट दिसला तर का बदलला विचार. मग डिकीतलं मॅट काढ, स्टेपनी उचल, त्या खोलगट जागेच्या कोपऱ्यात बोट फिरव, जॅक आणि पाना गंजलाय का बघ. पुढच्या सीटखाली मोबाईलची बॅटरी मारून रुळ आणि स्प्रिंगा बघ, सीटच्या बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे असतील तर सीट उतरवल्या होत्या समज. कार्पेटचा कोपरा दारापाशी थोडा उचलायला लाव, नको म्हणाला तर तिथूनच घरी जा. शेवटी काचा बंद, एसी आतल्या हवेवर ठेवून दहा मिनिटं बसून राहा, कुबट वास अत्तराला दाबून वर येतोच. आणि चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदात विझला पाहिजे. पेटलाच नाही तर दिवा काढून टाकलेला असू शकतो, हे लक्षात ठेव, कारण काकू त्या गाडीत बसणार आहेत.

बाकीचं आमच्या मिस्त्रीमामांकडून शिकलोय ते असं. सकाळी लवकर जा आणि गाडी चालू करून ठेवू नका असं आदल्या दिवशी सांग, गेल्यावर बॉनेटवर हात ठेव, गरम लागलं तर त्याने आधीच स्टार्ट करून ठेवलीय, म्हणजे थंड इंजिनचा त्रास लपवायचा असू शकतो. थंड गाडी एका सेल्फमध्ये लागली पाहिजे. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा दाट धूर आणि थांबतच नाही म्हणजे कूलंट आत जातंय, आणि ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ताकासारखा चिकटा दिसला तर हात जोडून निघायचं. ॲक्सिडेंटचं बघायला बॉनेटचे आणि फेंडरचे बोल्ट बघ, त्यांच्यावरचा रंग उडालेला असेल तर पॅनल खोललंय, दारांच्या रबरी बीडिंग ओढून आत कंपनीचे गोल वेल्ड ठिपके दिसतात का बघ, पुट्टी भरलेल्या जागी लोहचुंबक चिकटत नाही (बंपर प्लास्टिकचा असतो, तिथं लावून घाबरू नकोस). टायरवर चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. ४२ हजार चाललेल्या गाडीला पाचही टायर मूळचे असायची शक्यता आहे, आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत झिजलेलं असेल तर मीटर मागे फिरवलेलं असू शकतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडीची हिस्टरी काढायला लाव, तिथं प्रत्येक वेळचं किलोमीटर लिहिलेलं असतं.

कागदांचं तू हुशार आहेस, पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. चालू इन्शुरन्स पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, किती टक्के आहे ते बघ. क्लेम न घेता दरवर्षी तो २०, २५, ३५, ४५, ५० असा चढतो. इतक्या जुन्या गाडीला शून्य असेल तर आदल्या वर्षी क्लेम झालाय किंवा पॉलिसी खंडित झालीय किंवा मालक बदललाय, तिन्हीतलं काय ते विचारायचंच, कारण तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या पॉलिसी मिळाल्या तर २०२१-२२ ची आधी बघ. एमपरिवहन या सरकारी ॲपवर कितवा ओनर आणि बँकेचा बोजा दिसतो, बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नको. चेसिस नंबर आरसीशी स्वतः अक्षर न् अक्षर जुळव. पेंडिंग चलन ट्रॅफिक पोलिसांच्या महाट्रॅफिकवर बघ. सीएनजी किट आहे म्हणालास ना, ते आरसीवर चढलंय का आणि सिलिंडरची तीन वर्षांची टेस्ट कधी झालीय ते पाटीवर बघ.

चालवताना खराब रस्ता शोध, गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या छान वाटतात. रेडिओ बंद, वहिनींना मागे बसव आणि कुठून खडखड येते ते ऐकायला सांग, मागे बसणाऱ्याला जास्त कळतं.

हे सगळं वाचून घाबरू नकोस. ती गाडी चांगली निघाली तर मी सगळ्यात आधी पेढे मागणार. चाळीस हजारांनी स्वस्त असण्याचं कारण साधंही असू शकतं, मालकाला पैशांची नड असेल. पण तुला गाडी कशासाठी लागतेय ते मला माहीत आहे, आणि रात्री डायलिसिस उरकून येताना कुठल्यातरी पुलावर तुझे दिवे गेलेत आणि काकू मागे बसल्यात हे मला डोळ्यांपुढे आणवत नाही.

शनिवारी दुकान बंद करून रात्रीच्या एसटीने निघतो, पहाटे स्वारगेटला उतरेन. मिस्त्रीमामांचा भाचा चिंचवडला गॅरेज चालवतो, त्याला गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर घेऊन सात वाजता यायला सांगितलंय, नाश्ता झाला की आपण सगळे मिळून जाऊ. डीलरला उद्या फोन करून एवढंच सांग, रविवारी सकाळी आठला येतो, गाडी थंड ठेवा. आणि जमलं तर उद्या ऑफिसवरून येताना तिकडून जा, मागच्या डाव्या बाजूचा बेल्ट पूर्ण ओढून त्याचा फोटो पाठव मला.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या